ख्रिसमस ट्रीवर टांगायची काचेची बिस्किटं – कोणी केलीत का?

मधुरा_मँचेस्टर:

नमस्कार मंडळी,

लेक यंदा रिसेप्शनला (इकडच्या शाळेचा पहिला वर्ग) आहे आणि मैत्रिणीच्या घरी जाऊन आली तेव्हापासून एकच धोशा लावलाय. त्यांच्या झाडावर म्हणे बिस्किटं टांगली होती, चांदणीच्या आकाराची, मधे भोक कापलेलं आणि त्या भोकात लाल-हिरवी काच, काच म्हणजे गोळ्या वितळवून केलेली, मागून दिवा लागला की चमकते आणि वर खाता पण येते. मी व्हिडिओ बघितले, सगळ्यांचं पंधरा सेकंदांत होतं आणि खरे प्रश्न कोणी घेतच नाही, म्हणून इथे विचारतेय.

एक तर सासूबाई-सासरे साताऱ्याहून येतायत नाताळाच्या सुट्टीत, सासूबाई अंडं खात नाहीत आणि नातीबरोबर बसून करायची त्यांना फार हौस आहे, तर बिनअंड्याचं पीठ चालेल का, टांगल्यावर तुटणार नाही ना? दुसरं, गोळ्या कुठल्या घ्यायच्या? तिसरं, आमचं झाड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच लागतं, तेव्हाच टांगली तर २५ तारखेपर्यंत राहतील का, की काच वितळून खाली ओघळेल? झाड रेडिएटरपासून फार लांब नाहीये. आणि ओव्हन फॅनवाला आहे. ज्यांनी प्रत्यक्ष केलीत त्यांनी सांगा प्लीज, इकडे सगळे इंग्रज मित्रमैत्रिणी ‘अगं खूप सोप्पं आहे’ एवढंच म्हणतात.

---

लीड्सची_अनघा:

मधुरा, कर गं बिनधास्त, सुंदर होतात. मी दर नाताळात करते, मुलं मोठी झाली तरी सोडलेलं नाही. अंड्याशिवाय तर उलट जास्त चांगली होतात टांगायला, कारण पीठ कमी फुगतं आणि कडा सरळ राहतात.

माझं प्रमाण लिहून घे. २५० ग्रॅम मैदा म्हणजे इकडचं प्लेन फ्लार, सेल्फ रेझिंग अजिबात नको, त्यात बेकिंग पावडर असते आणि बिस्किट पसरून मधली खिडकीच बुजते. १२५ ग्रॅम गार बटर, १०० ग्रॅम कॅस्टर शुगर, चिमूटभर मीठ, एक चमचा सुंठ, अर्धा चमचा दालचिनी, आणि गोळा होईल इतपत दूध, दोन-तीन मोठे चमचे पुरतं. बटर मैद्याला चोळून घे, आपण शंकरपाळ्यांना मोहन चोळतो तसंच, मग साखर, मग दूध. मळत बसायचं नाही. फ्रिजमध्ये अर्धा तास.

लाटायचं ४ ते ५ मिलीमीटर. ह्यात हयगय नको, पातळ लाटलं तर दोऱ्याच्या भोकापाशी तुटतं आणि जाड ठेवलं तर जड होऊन फांदी वाकते. मोठ्या कटरने आकार काप, छोट्याने मधली खिडकी, चहूबाजूंनी निदान एक सेंटीमीटर काठ राहिला पाहिजे. दोऱ्याचं भोक स्ट्रॉने पाड, काठाच्या फार जवळ नको. मग कापलेले आकार ट्रेसकट परत फ्रिजमध्ये पंधरा-वीस मिनिटं. बरेच जण हा भाग गाळतात आणि मग आकार बिघडले म्हणून पाककृतीला नावं ठेवतात.

आता गोळ्या. सुरवातीपासून भरू नकोस. फॅन ओव्हन १६०ला (बिनफॅनचा असेल तर १८०), आधी नुसती बिस्किटं ६-७ मिनिटं, कडांना रंग यायच्या आधी बाहेर काढ, मग खिडकीत कुटलेल्या गोळ्या भर आणि परत ४-५ मिनिटं. गोळी वितळून सपाट झाली की लगेच बाहेर. पहिल्यापासून भरल्या तर बिस्किट होईपर्यंत साखर उकळायला लागते, बुडबुडे येतात आणि पिवळ्या-पांढऱ्या काचेचा तर तपकिरी कॅरॅमल होतो.

गोळ्या कुटताना पीठ करायचं नाही, जाडसर रवाळ ठेवायच्या. भुकटीत हवा अडकते आणि काच धुरकट दिसते. पिशवीत घालून लाटण्याने ठोकायच्या, सासूबाई आणि लेक दोघींना आवडेल असं काम. भरताना खिडकी काठोकाठ भरायची, किंचित शीग चालेल, वितळल्यावर खाली बसतं.

बाहेर आल्या आल्या दोऱ्याचं भोक बुजत आलेलं दिसेल, स्क्युअरने परत मोकळं कर, गरम असतानाच. आणि मग ट्रेला हात लावायचा नाही! काच पूर्ण घट्ट व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्याआधी उचललंस तर मधली काच खाली लोंबते.

---

मधुरा_मँचेस्टर:

अनघाताई किती छान सांगितलंस! दोन टप्प्यांत भाजायचं हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं. गोळ्या नेमक्या कुठल्या पण? आणि टिकण्याचं?

---

लीड्सची_अनघा:

बॉइल्ड स्वीट्स, म्हणजे आपल्या लिमलेटच्या गोळ्या. प्रकाशासमोर धरली की आरपार दिसली पाहिजे, बाकी काही बघायचं नाही. फॉक्सेसच्या ग्लेशिअर फ्रूट्स मिळतात सगळीकडे, त्या चालतात. दुधी रंगाच्या, आत सरबत किंवा पावडर भरलेल्या, च्यूई असलं काही नको. सासूबाईंसाठी पाकिटाची मागची बाजू मात्र वाच. चघळायच्या मऊ गोळ्यांमध्ये बरेचदा जिलेटिन असतं, कडक गोळ्यांत सहसा नसतं, पण लाल रंगासाठी कधीकधी कार्माइन वापरतात, ई१२० लिहिलेलं असतं, तो किड्यांपासून काढलेला रंग आहे. बीटाचा किंवा गाजराचा रंग घातलेल्या लाल गोळ्याही मिळतात.

---

पाक_आणि_ताप:

अनघाताईंच्या पाककृतीला पूर्ण अनुमोदन. टिकण्याबद्दल मी लिहितो, मी कन्फेक्शनरीच्या कारखान्यात बरीच वर्षं काम केलंय आणि हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

मधुराताई, तुम्ही रेडिएटरला घाबरताय, पण रेडिएटर ह्या काचेचं फारसं काही बिघडवत नाही. अगदी टेकवून टांगू नका म्हणजे झालं. तिचा खरा शत्रू ओल आहे. ही गोळी म्हणजे साखर आणि ग्लुकोज सिरपचा पाक, साधारण १४६ ते १५४ अंशांपर्यंत चढवलेला. आपल्याकडे एकतारी, दोनतारी, गोळीबंद, कडक असे पाक मोजतात ना, त्यातला हा सगळ्यात पुढचा, थेंब पाण्यात टाकला की कट्टकन मोडतो. ह्यात पाणी जेमतेम दोन-तीन टक्के उरलेलं असतं, त्यामुळे ती हवेतलं पाणी सतत ओढत राहते. आधी पृष्ठभाग चिकट होतो, मग चकाकी जाते, मग काच मऊ पडून खाली ओघळते. लोकांना वाटतं उष्णतेने वितळली, पण ती हवेतल्या बाष्पाने विरघळत असते.

काच पारदर्शक का दिसते तेही सांगतो म्हणजे काय जपायचं ते कळेल. गुढीपाडव्याच्या गाठी आठवा. साखर तीच, पण गाठीचा पाक घोटतात, त्यात साखरेचे बारीक बारीक स्फटिक तयार होतात आणि ते प्रकाश विखुरतात, म्हणून गाठी पांढरीशुभ्र दिसते. लिमलेटच्या गोळीत ग्लुकोज सिरप घालून हे स्फटिक होऊच देत नाहीत, रेणू अस्ताव्यस्त असतानाच पाक थिजतो, खिडकीच्या काचेतही रेणू असेच अस्ताव्यस्त असतात. म्हणून वितळल्यावर त्यात काडी घालून ढवळायचं नाही, ढवळलं की साखर परत दाणे धरू शकते आणि काच धुरकटते. गाठी महिनाभर दाराला राहिली तरी तिला फारसं काही होत नाही ते ह्याचमुळे, स्फटिक साखर ओल तितकी लवकर ओढत नाही.

आता तुमच्या घरापुरतं. इंग्लंडात हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या खोलीतली हवा बऱ्यापैकी कोरडी असते, हे तुमच्या पथ्यावर पडेल. पण दोन जागा टाळा. स्वयंपाकघर, किटली आणि कुकरच्या वाफेमुळे. आणि खिडकीची काच. चमकावी म्हणून लोक बिस्किटं खिडकीत लावतात, तिकडे सकाळी काचेवर पाणी जमतं आणि बिस्किटांची वाट लागते. उजेड हवाय तर झाडावरच्या एलईडीच्या माळेतला एकेक दिवा बिस्किटाच्या मागे येईल असं बांधा. एलईडीला उष्णता नगण्य.

महिनाभर टांगायचीच असतील तर गोळ्यांऐवजी आयसोमाल्ट वापरा. साखरेपासूनच बनवतात, गोडी साधारण निम्मी, पण ओल फार कमी ओढतो आणि तपकिरीही लवकर होत नाही. केकचं सामान मिळतं तिथे दाणे किंवा तयार रंगीत कांड्या मिळतात. मात्र जास्त खाल्ला की पोट बिघडतं, लहान मुलांचं तर लवकरच, त्यामुळे तो शोभेच्या बिस्किटांना ठीक, डबाभर खायच्या बिस्किटांना नको.

---

वसईचा_रॉनी:

मस्त धागा. आमच्याकडे वसईत नाताळ म्हणजे कुलकुल, नेवऱ्या, गोठा आणि दारातली चांदणी. ही काचेची बिस्किटं माझी बहीण कॅनडाहून शिकून आली आणि आता भाचरांना ती पाहिजेच असतात. पण इथलं गणित वेगळं आहे, इथून कोणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी लिहितो.

पाक_आणि_ताप दादांनी ओलीचं सांगितलं ते इथे दसपट. किनाऱ्यावर डिसेंबरातसुद्धा पहाटे दमट असतं. सकाळी टांगलेलं बिस्किट दुसऱ्या दिवशी बोटाला चिकटतं. म्हणून आम्ही २३ तारखेला भाजतो, गार झाली की लगेच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, प्रत्येक थराच्या मधे कागद, तळाला खाण्याच्या वस्तूंसाठीच्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि २४ला संध्याकाळी मिसाला जायच्या आधी झाडावर चढवतो. मिसाहून आलं की पोरं उतरवून खातातच, टिकवायचा प्रश्नच येत नाही. उरलेली पुन्हा डब्यात.

दुसरं म्हणजे मुंग्या. मँचेस्टरमध्ये ही भानगड नसेल पण इथे जमिनीवर ठेवलेल्या झाडाला रात्रीत रांग लागते. आजी जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची, तीच युक्ती, झाडाची कुंडी पाणी घातलेल्या परातीत विटांवर ठेवायची, आणि फांदी किंवा दिव्यांची वायर कुठेही भिंतीला टेकू द्यायची नाही, नाहीतर वरून येतात.

तिसरं, कागद. दुकानात बटर पेपर म्हणून जे मिळतं त्यातले सगळे ह्याला चालत नाहीत. साधा पातळ किंवा मेणाचा कागद असेल तर काच त्याला जी चिकटते ती सुटतच नाही. सिलिकॉन लावलेला बेकिंगचा कागद पाहिजे नाहीतर सरळ सिलिकॉनची मॅट. मॅटवर काचेची खालची बाजू एकदम आरशासारखी गुळगुळीत येते. मुंबईकरांनी क्रॉफर्ड मार्केटला चक्कर मारली तर मॅट, आयसोमाल्ट, छोटे कटर सगळं एका फेरीत होतं.

ओटीजीवाल्यांनी वरचा रॉड बंद ठेवून मधल्या खणात भाजा. वरचा चालू असला की गोळी आधी जळते आणि बिस्किट कच्चं.

---

कुलाब्याची_शमा:

रंगांबद्दल एक सांगू का. एका खिडकीत दोन-तीन रंग भरले तर छान दिसेल असं वाटतं पण वितळल्यावर एकमेकांत जातात आणि लाल-हिरव्याचा मातकट रंग होतो. आमच्या इथल्या अफगाण चर्चच्या किंवा राजाबाई टॉवरच्या खिडक्या नीट बघा, प्रत्येक रंगाचा तुकडा वेगळा असतो आणि मधे शिशाची पट्टी असते, म्हणून तर ते रंग इतके खणखणीत दिसतात. बिस्किटातही तेच करायचं, एका मोठ्या खिडकीऐवजी तीन-चार लहान खिडक्या कापायच्या आणि मधे पिठाची पट्टी ठेवायची, निदान पाच-सहा मिलीमीटर, नाहीतर भाजताना मोडते. पिवळा आणि केशरी शेजारी आले तर बिनपट्टीचे चालतात, मिसळले तरी गोडच दिसतात. निळा मला सगळ्यात आवडतो पण निळ्या गोळ्या शोधाव्या लागतात.

आणि मधुरा, झाडावर खायच्या वस्तू टांगणं हे काही आताचं खूळ नाही बरं का, खरं तर काचेचे गोळे नंतर आले. स्ट्रासबर्गच्या १६०५ सालच्या एका लिखाणात घरात उभ्या केलेल्या झाडांना सफरचंदं, वेफर, कागदाची फुलं आणि मिठाई टांगल्याचं वर्णन आहे. इंग्लंडात राणी शार्लटने १८००मध्ये विंडसरला मुलांच्या पार्टीसाठी झाड सजवलं त्यालाही कागदाच्या पुड्यांत बदाम, मनुका, मिठाई बांधलेली होती. पुढे १८४८मध्ये व्हिक्टोरिया आणि अल्बर्टच्या झाडाचं चित्र तिकडच्या साप्ताहिकात छापून आलं आणि मग घरोघरी पसरलं. सासूबाईंना सांग, संक्रांतीला हलव्याचे दागिने करणाऱ्या बाईला हे काम मुळीच परकं वाटणार नाही.

---

डॉ_स्लो_कुकर:

सगळं वाचलं, छान माहिती. पण एक मुद्दा स्पष्ट लिहायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. झाडावर दोन-तीन आठवडे उघडी लटकलेली बिस्किटं मुलांना खायला देऊ नका. साखरेमुळे काच नासत नाही हे खरं, पण बिस्किट मऊ पडतं, बटरला खवट वास येतो, धूळ बसते, येणारे-जाणारे हात लावतात. झाड खरं असेल तर त्याचा चीक लागतो. कोणाकडे कृत्रिम झाडावर बर्फाचा स्प्रे मारलेला असतो, तो काही खायचा नाही.

घरात कुत्रा असेल तर शुगरफ्री गोळ्या वापरूच नका. काहींमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांसाठी विष आहे, थोडंसं पोटात गेलं तरी रक्तातली साखर धाडकन उतरते. एरवीही मैद्याची गोड बिस्किटं कुत्र्याच्या उंचीला टांगू नयेत.

---

लीड्सची_अनघा:

डॉक्टर, तुमचं पटलं पण थोडंसंच. मी सरसकट खाऊ नका असं म्हणणार नाही, मुलांसाठी खरी मजा झाडावरून तोडून खाण्यातच आहे, ती काढून टाकली तर मग प्लास्टिकची का नकोत? मी दोन घाणे करते. पहिला डिसेंबरच्या सुरवातीला, आयसोमाल्टचा, नुसता शोभेचा, झाडाच्या वरच्या फांद्यांवर. दुसरा २२-२३ तारखेला गोळ्यांचा, खायचा, खालच्या फांद्यांवर मुलांच्या हाताला येईल असा. रिबिनीचा रंग वेगळा ठेवते, वरच्यांना पांढरी, खालच्यांना लाल. दोन-तीन दिवसांत खाल्ली जातात त्यामुळे मऊ पडायच्या आत संपतात.

दोऱ्याबद्दल राहिलं, रिबीन पातळ सुती घ्या, सोनेरी जरीची दोरी बिस्किटाला कापते. आणि भाजल्यावर लगेच ओवू नका, रात्रभर राहू दे, दुसऱ्या दिवशी बिस्किट कडक झालं की ओवा.

---

वसईचा_रॉनी:

दोन रंगांच्या रिबिनीची आयडिया भारी! ह्या वर्षी करणार.

---

मधुरा_मँचेस्टर:

सगळ्यांचे खूप खूप आभार, मी हे सगळं एका कागदावर उतरवून फ्रिजला लावलंय. शमाताई हलव्याच्या दागिन्यांचं सासूबाईंना फोनवर सांगितलं, त्या म्हणाल्या मग काळजीच नको, आणि लगेच विचारलं की वेलची घातली तर चालेल का सुंठीऐवजी. अनघाताई, दोन घाण्यांचंच करते, पहिला ह्या शनिवारी, दुसरा त्या आल्यावर.

आता शेवटचा प्रश्न. लेक पाच वर्षांची आहे, तिला कुठली कामं द्यायची आणि कुठे लांब ठेवायचं? तिला गोळ्या स्वतः भरायच्यात, पण तुमच्या पद्धतीत गोळ्या गरम ट्रेवर भरायच्यात ना?

---

पाक_आणि_ताप:

वेलची उत्तम, फक्त सालं नकोत.

लेकीबद्दल बरं झालं विचारलंत. वितळलेली साखर उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त गरम असते आणि कातडीला चिकटून बसते, पुसून जात नाही, त्यामुळे भाजतं ते खोलवर. कुटणं, लाटणं, कापणं, गार झाल्यावर रिबीन ओवणं तिचं. ट्रे ओव्हनमधून निघाल्यापासून काच थिजेपर्यंत मोठ्या माणसाचं. चुकून थेंब लागलाच तर नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरायचा, बर्फ किंवा तूप लावायचं नाही, आणि फोड मोठा असेल तर डॉक्टर.

तिला गोळ्या भरायच्याच असतील तर एक मार्ग आहे. अर्धवट भाजलेली बिस्किटं ट्रेवरच पूर्ण गार होऊ द्या, तासभर गेला तरी बिघडत नाही. मग तिला छोट्या चमच्याने सावकाश भरू दे. काठावर सांडलेले कण कोरड्या ब्रशने झटका, नाहीतर तिथे चिकट डाग पडतात. मग परत ओव्हनमध्ये. गार बिस्किट असल्यामुळे चारऐवजी पाच-सहा मिनिटं लागतील, तिसऱ्या मिनिटापासून दारातून बघत राहा.

---

लीड्सची_अनघा:

+१. आणि पिठाच्या ज्या चिमुकल्या खिडक्या कापून निघतात त्या टाकू नका, त्या वेगळ्या ट्रेवर भाजा, पाच मिनिटांत होतात. लेकीला मधल्या वेळात खायला तेवढंच पुरतं, नाहीतर गोळ्यांचं पाकीट रिकामं होईल.